तबकडीच्या कड्यावरचा आकडा

नव्वदच्या दशकात बोईसरच्या दुकानांत कॅसेटच्या वेष्टनावर काळ्या उभ्या रेघा दिसू लागल्या, तेव्हा शेजारणी मला विचारायच्या, हे काय असतं? मी सांगायचे, त्या रेघा दुकानाच्या यंत्रासाठी. कुठला माल विकला गेला ते त्यांवरून कळतं. आत कोणतं ध्वनिमुद्रण आहे, हे कळायला त्या ध्वनिमुद्रणाचा स्वतःचा क्रमांक लागतो. हा फरक मला बऱ्याच आधी, दांडी गावच्या एका मावशींमुळे कळला होता.

तेव्हा तारापूरच्या वसाहतीतल्या क्लबचं तबकड्यांचं कपाट मी सांभाळत असे. मावशी आमच्याकडे मासळी घेऊन यायच्या. त्यांची आई गावातल्या बायकांबरोबर मुंबईला जाऊन हळदीच्या एका गाण्याच्या कोरसमध्ये गायली होती. तबकडीवर या बायकांपैकी कुणाचंच नाव नव्हतं. आई वारली, तिचा फोटोही नाही. उरला तो एवढा आवाज, आणि तोही कुंभवलीच्या लाऊडस्पीकरवाल्याकडे. नेमकी त्याची तबकडी फुटली आणि मावशींच्या लेकीची हळद जवळ आली.

तेच गाणं आमच्या कपाटात होतं. मी उत्साहानं लावलं. मावशींनी मासळीची पाटी खाली ठेवून ऐकलं.

“ही माजी आय नाय.”

“अहो मावशी, गाणं तेच आहे की!”

“गानं तेच हाय. पन आय दुसऱ्या कडव्याला सगल्यांच्या आदी घुसते. हितं कोन घुसतच नाय.”

मी लाऊडस्पीकरवाल्याला फुटके तुकडे घेऊन बोलावलं. लेबलावर त्यानं खाकी कागद चिकटवलेला. हे सगळेच करायचे. मांडवात दुसऱ्या लाऊडस्पीकरवाल्यानं नाव वाचून तीच तबकडी आणू नये म्हणून.

“मेल्या, फुटली तरी झाकून ठेवलीस?” मावशी म्हणाल्या.

“फुटली तरी धंदा हाय ना, मावशी.”

ओल्या फडक्यानं कागद सोडवला. लेबलावरचा क्रमांक आमच्या तबकडीसारखाच निघाला. मग मी दोन्ही खिडकीशी तिरक्या धरल्या. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत कड्यावर बारीक आकडे कोरलेले असतात. त्यांतला शेवटचा आकडा गाणं कितव्यांदा मुद्रित केलं ते सांगतो. आमच्या तबकडीवर शेवटी दोन होता, त्याच्या तुकड्यावर एक. म्हणजे कंपनीनं गाणं पुन्हा गाऊन घेतलं होतं आणि जुन्याच लेबलाखाली विकलं होतं. मावशींच्या आईचं ते आधी घुसणं कंपनीला खटकलं असणार.

मुंबईतल्या जुन्या तबकड्यांच्या दुकानदाराला मी लिहिलं: लेबल पाहून पाठवू नका, कडं वाचा, शेवटी एक हवा. पार्सल हळदीच्या आदल्या दिवशी आलं. वाजवण्याआधी मी कडं तपासलं आणि मगच दांडीला निरोप धाडला.

हळदीला लाऊडस्पीकरवाल्यानं तबकडी लावली. मावशी लेकीच्या खांद्याला हळद लावत होत्या. पहिलं कडवं संपलं आणि बाकी कोरसच्या आधीच एक जाडसर, ठाम आवाज एकटाच पुढे आला. मावशींचा हात तिथेच थांबला.

“आये, चल ना, बाकीच्या थांबल्यात,” लेक म्हणाली.

“थांबू दे,” मावशी म्हणाल्या. “तुजी आजी आली हाय.”