हळर्णेच्या झऱ्यावरचा जंकस

फळं लागलेला जंकस पाहायचाच, असं ठरवून दिवाळी उलटल्यावर आम्ही बेळगावहून निघालो. आम्ही म्हणजे वनस्पतिशास्त्र शिकवणारी मी आणि गाडी चालवणारी माझी मोठी बहीण नलूताई. गेल्या वर्षी गोव्यात मला या पाणथळीतल्या वनस्पतीची नुसती पानं मिळाली होती. ती पाहून आमच्या कॉलेजातले कामतसर म्हणाले, "हा साधा लव्हाळा आहे." वाद मिटवायला फळच हवं होतं. लव्हाळ्याच्या फळात एकच बी असतं. जंकसचं बोंड तीन फाकांत उकलतं आणि आत भुशासारखं बारीक बी खच्चून भरलेलं असतं.

चोर्ला घाटात वळणं फार, तेव्हा पोट हलकं ठेवूनच उतरा. आम्ही साखळीला पोचून पातळ भाजी आणि उंडो, म्हणजे कडक पापुद्र्याचा गोल पाव, खाल्ला. स्वस्त आणि पोटभर.

गेल्या वर्षीची पानं डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याची होती. तिथल्या ओढ्याकाठी गेलो, तर ती जागा खाणीच्या तांबड्या गाळाखाली पार बुजलेली. मी गाडीत परतले.

"आणखी कुठे उगवतं ते?" ताईने विचारलं.

"जिथे बाराही महिने पाणी झिरपतं आणि नांगर फिरत नाही."

"मग तशी जागा शोधू," म्हणत तिने गाडी पेडण्याकडे वळवली.

रस्ता अरुंद, पण चांगला. पेडण्यातल्या हळर्णेला किल्ल्याच्या पडक्या तटापासून थोडं पुढे एक बाई आपल्या शेतात मिरचीला पाणी घालत होत्या; नाव शेवंतीकाकी. बारमाही झरा कुठे आहे, असं त्यांना विचारलं.

"आसा मगे, त्या माडांच्या पाठी. धोंड्यार पाय ठेवून चला, चिखल आसा. आणि म्हशी थंयच चरतत. काय उरला असात तर तुमचा नशीब."

म्हशींनी काठ साफ केला होता. मी गुडघाभर चिखलात उतरून एक उरलेलं पान बोटांतून ओढलं. पोकळ पानातले आडवे पडदे गाठींसारखे लागले. माझ्या मते जंकसच! पण फळाचा पत्ता नाही.

तेवढ्यात दोन मोठ्या खडकांमागून ताई म्हणाली, "इकडे ये. याला तपकिरी काहीतरी आलंय."

खडकांच्या बेचक्यात, म्हशींचं तोंड पोचणार नाही तिथे, अख्खा झुपका फळला होता. भिंगाखाली बोंड धरलं. तीन फाका. तळहातावर बियांची धूळ सांडली.

"मिळालं, ताई."

तिने भिंग घेतलं ते बराच वेळ सोडलंच नाही. मग काकी आल्या, त्यांनीही पाहिलं. "माझ्या शेतात ह्या आसा, आणि माका कोण सांगूक नाय," म्हणून त्या मनापासून हसल्या.

सोमवारी कामतसर भिंगावरून मान वर करत म्हणाले, "जंकस. मान्य." आणि स्वतःच सगळ्या विभागाला बोलावून आले.

इतकी वर्षं हे कुळ मी पुस्तकातल्या आकृतीवरून शिकवलं. आता फळ्यावर बोंड काढताना त्या झऱ्याचं गार पाणी पायांना जाणवतं, आणि तास नेहमी लांबतो.