शिकेकाई आणि आठ दिवसांचा डबा

परवा नवी पेठेत दुकानदाराने शिकेकाईची पुडी बांधली आणि त्या वासाने मला थेट वैरागच्या शाळेच्या ओट्यावर नेऊन बसवलं.

मी चौथीत होते. माझ्या केसांत जट झाली होती. देवीची खूण म्हणून आईने वर्षभर फणी लावली नव्हती, आणि पोरीला देवीला सोडायचं, असं घरात चाललं होतं. आमच्या शाळेतल्या बाई महिनाभर घरी येत राहिल्या. केस धुतले-विंचरले नाहीत की गुंतायचेच, एवढंच त्या न चिडता सांगायच्या. शेवटी आईच मला शाळेच्या ओट्यावर त्यांच्याकडे घेऊन आली.

"बाई, देवीचा कोप झाला तर वो?"

"झाला तर माझ्यावर होईल की. कात्री माझ्या हातात आहे."

जट खाली पडली आणि मान एकदम हलकी झाली. बाईंनी तिथंच शिकेकाईनं माझं डोकं धुतलं. डोळे झोंबले, तरी मी हसत होते.

पुढचे आठ दिवस आई रोज डबा घेऊन वर्गाच्या दारात उभी. मला वाटायचं, माझ्यावरची माया वाढली. आता कळतं, बाई धडधाकट आहेत ना, हे ती बघून जायची.

नवव्या दिवशी डबा आला नाही. भुकेली, रागावलेली मी घरी पोचले, तर आई उंबऱ्यात बसली होती. हातात तेलाची वाटी आणि नवी कोरी फणी.

"ये, बस हितं," ती म्हणाली.