अक्काच्या दाढेची दुसरी खेप

अक्काला मी दिग्रसला दातांच्या दवाखान्यात नेलं, त्या दिवसाबद्दल मी आजवर कुणाशी बोललेलो नाही. बायकोशी नाही, अक्काच्या मुलांशी नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही तिला ओळखत नव्हता.

अक्का माझी थोरली बहीण. राहायला फुलसावंगीला, शेतात राबणारी. मी दिग्रसच्या कॉलेजात शिकवतो. तिची खालची दाढ मुळाशी पिकली होती. गाल धरूनच ती एसटीतून उतरली. पण तोंड दुखतं म्हणून गप्प बसेल ती अक्का कसली? दवाखान्याच्या बाकावर माझे एक सहकारी प्राध्यापक बसले होते. तिनं त्यांना विचारलं, “तुमी बी याच्याच कॉलेजात काय?” आणि लगेच — “हा आता लय बुकं वाचते, पन चौथीपरेंत अंथरुनात मुते, बरं!”

ते हसले. मीही हसलो — म्हणजे तसं दाखवलं.

आत डॉक्टरांनी — तरुण बाई होत्या — दाढेभोवती रबराचा पडदा ताणला, दाढेला भोक पाडलं आणि बारीक सुईनं औषध सोडून मुळांच्या नळ्या धुतल्या. तेवढा वेळ अक्काला बोलता येत नव्हतं. मी शेजारी उभा होतो आणि मला बरं वाटत होतं. कबुली खरं तर इथूनच सुरू व्हायला हवी, नाही का?

पडदा काढताच ती म्हणाली, “विहिरीत टाकतेत त्या पावडरीचा वास येऊन राह्यला वो बाई. माह्या दाताची विहीर केली काय?”

डॉक्टर हसल्या. तिला चूळ भरायला पाठवून मला म्हणाल्या, “तुम्ही शिकलेले आहात, त्यांना नीट समजावा. दुखणं आता थांबेल. पण मुळांना बारीक फाटे असतात, जंतू तिथं दडून राहतात. आत औषध ठेवलंय, वर तात्पुरतं सिमेंट आहे. पुढच्या आठवड्यात पुन्हा धुऊन मगच कायमचं बंद करायचं. दुखत नाही म्हणून येणं टाळू नका.”

मी मान हलवली. पायऱ्या उतरताना अक्कानं बधिर ओठांनी विचारलं, “काय म्हने रे डाक्टरीन? आखीन या लागते काय?”

मी म्हणालो, “नाही. झालं.”

का? तिचा एसटीचा त्रास वाचावा म्हणून? — असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं इतकंच, की तिच्यासोबत त्या बाकावर मला पुन्हा बसायचं नव्हतं.

काही महिने दाढ खरंच दुखली नाही. मग सिमेंट पडलं, गाल सुजला, पुसदला दाढ काढावी लागली. तेव्हापासून ती एकाच बाजूनं चावायची आणि येईल त्याला सांगायची, “दिग्रसची डाक्टरीन झालं म्हने, अन् मुळात घान तशीच ठेवली.” गावातली माणसं त्या दवाखान्यात जायची थांबली. ती हे सांगायची तेव्हा कितीदा तरी मी तिच्याच ओसरीवर चहा पीत बसलेलो असे.

बऱ्याच वर्षांनी तिच्या छातीत गाठ आली. मी म्हणालो, यवतमाळला जाऊ. ती म्हणाली, “कायले? डाक्टर लोक झालं म्हनतात, अन् आत तसंच राह्यते. एकदा पाह्यलं ना मी.”

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं — डॉक्टर तसं म्हणाल्याच नव्हत्या, मी म्हणालो होतो. ती चिडली असती, मला शिव्या घातल्या असत्या, आणि बहुधा आली असती. मी घसा खाकरला. बशीत चहा ओतला.

पुढे मुलांनी तिला जबरदस्तीनं नेलं तेव्हा गाठ पसरली होती. मागच्या वर्षी अक्का गेली.

बोललो असतो तर ती वाचली असती? कुणास ठाऊक. पण या ‘कुणास ठाऊक’च्या आड मला लपायचं नाही.

यंदा माझी दाढ मुळाशी पिकली. मी त्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांच्या केसांत आता पांढरं दिसतं. त्यांनी मला ओळखलं नाही. मी सांगितलं नाही. बोलावलं त्या प्रत्येक वेळी गेलो. मुळं पुन्हा धुऊन घेतली, वर टोपी बसवली.

दाढ दुखत नाही. मी दोन्ही बाजूंनी चावतो.