दोन पेट्यांतला तिचा आवाज

दोन हजार चोवीस साल, मला एकाहत्तरावं लागलेलं. बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. तिचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता, धुळ्याला देवपुरात, लेकीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरात. श्रावणात कानबाईला, आमच्या खानदेशातल्या देवीला, निरोप देताना ती गायली होती, ते मी मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं. गाणं संपल्यावर माझ्याकडे बघून म्हणते, "व्हयनं का तुमनं? बंद करा आते." झालं का तुमचं, म्हणे. माहेर धुळ्याकडचं, अहिराणी काही सुटली नाही तिची.

तो मोबाइल इकडे आमच्या गावी, सावद्याला, केळी धुवायच्या हौदात पडला. बरं झालं, लेकीनं गाणं आधीच स्वतःकडे उतरवून घेतलं होतं. नव्या मोबाइलवर पाठवते म्हणायची. मी म्हटलं, नको, पुन्हा हौदात जाईल. तुझ्याकडे दोन सर्व्हर आहेत, तिथंच राहू दे. तिनंच सांगितलं होतं, दोन्ही सर्व्हरवर एक सॉफ्टवेअर बसवलंय, ते दोन्हीकडच्या डिस्क जोडून एकच कोठी करतं. इकडे ठेवलं की तिकडे लागलीच ठेवलं जातं. एक बंद पडला तरी काम थांबत नाही. मी चौथी शिकलोय, पण दोन म्हणजे दोन, एवढं मला कळतं.

मग एके दुपारी तिचा रडत फोन आला. ऑफिसात तिच्यासोबत काम करणाऱ्या माणसानं सर्व्हरवर जागा मोकळी करताना ऑफिसच्या कामाचं नव्हतं ते पुसलं. त्यात गाणं गेलं.

"रडू नको बेटा. दुसऱ्यातलं काढ."

"आबा, तिथलंही गेलं."

मी ऐकलं नाही. बस धरली आणि धुळं गाठलं.

गार खोलीत दोन काळ्या पेट्या होत्या. दुसरीला हात लावला. कोमट लागली.

"ही तर चालू आहे."

"चालूच राहते आबा. पण लिहिलेलं दोन्हीकडे जातं, तसं पुसलेलंही जातं. वेगळी नक्कल रोज निघते, ती ऑफिसच्या कामाची. आईचं मी त्यात घातलंच नव्हतं."

"म्हणजे सामाईक विहीर. मोटा दोन, पाणी एकच."

"हो आबा."

मी हात काढला नाही. ती म्हणाली, चला. मी म्हटलं, थांब जरा. ती शेजारी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीच्या गॅलरीत बसून मी रेकॉर्डिंग लावून मोबाइल तोंडापुढे धरला आणि ते गाणं म्हणू लागलो. आमच्यात ही गाणी बायकांची, पुरुष नाही म्हणत. शेजारच्या गॅलरीतून एक म्हातारा हसला, "काय आबा, कानबाई अंगात आली का?"

"आली," मी म्हटलं.

दोन ओळी आल्या. तिसरी काही केल्या येईना. मग पुन्हा पहिलीपासून धरलं.