भिंत जागी आहे तोवर

फोंडू मेस्त भिंतीला गाल लावायचे. आईने पोराचा ताप बघावा तसे डोळे मिटून, डावा गाल गिलाव्याला टेकवून क्षणभर उभे राहायचे आणि मग निकाल द्यायचे. "जागी हाय," नाहीतर "निजली." जागी म्हणजे चुना अजून ओला आहे, काम करता येईल. निजली म्हणजे वाळली, आता घरी जा. तिसरा निकाल मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. कामाच्या दिवशी त्यांच्या गालावर संध्याकाळपर्यंत चुन्याचा पांढरा ठसा असायचा आणि गावातली माणसं त्यावरूनच मेस्त आज कामावर गेले होते की नाही ते ओळखायची.

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. येणारच! मी रामनगरच्या शाळेतला चित्रकलेचा शिक्षक, बेळगावात डिप्लोमा केलेला. माझ्याकडे एक निळी, दोनशे पानी वही होती. युरोपातल्या प्रबोधनकाळातल्या कलेचे शब्द तीत अर्थासकट उतरवलेले होते. फ्रेस्को, स्फुमातो, कियारोस्कुरो, पिलास्टर, लॉजिया. वहीत एकशे बारा शब्द होते आणि मी ते आठवीच्या मुलांकडून घोकून घ्यायचो. इटलीच्या दिशेने मी स्वतः फार तर इथून जवळच्या कॅसलरॉक स्टेशनपर्यंत गेलेलो, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, मास्तर परवाच फ्लॉरेन्सहून आलेत.

मेस्त गावचे जुने गवंडी. त्यांची आणि माझी गाठ पडली ती देवळामुळे. आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपाला तीन भिंती. त्यांतल्या दोन ओल लागून फुगल्या होत्या. तिसरी धड होती आणि तिच्यावर मेस्तांच्या वडिलांनी केलेलं कावीचं काम होतं. कावी म्हणजे आधी चुन्याचा पांढरा थर, त्यावर तांबड्या मातीचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच टोकदार काडीने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. वेली, मोर, घोडेस्वार, आणि एक हरीण. त्या हरणाला पाच पाय होते.

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष आप्पा. त्यांनी टाइल्सच्या पेट्या आणून मंडपाच्या कोपऱ्यात ठेवल्यासुद्धा होत्या. चकचकीत, पुसायला सोप्या. मी सभेत उठलो. "मंडळी, हे जे तुम्ही झाकायला निघालात ना, त्याला इटलीत स्ग्राफितो म्हणतात!" म्हणून सुरुवात केली आणि पाऊण तास बोललो. हरणाच्या पाचव्या पायावर तर मी दहा मिनिटं घेतली. चित्रकार आपला विचार बदलतो आणि जुनी रेघ तशीच मागे दिसत राहते, तिला पेन्तिमेन्तो म्हणतात, म्हणजेच पश्चात्ताप, असं मी सांगितलं. मागच्या खांबाला टेकून बसलेले मेस्त पहिल्यांदाच बोलले. "बापाला कसला आलाय पश्चात्ताप, मास्तर? हरणाला एक पाय जास्ती मिळाला."

सगळी सभा हसली. पण माझ्या शब्दांनी आप्पा घाबरले असावेत. त्यांनी तोड काढली. "फोंडू आणि मास्तर मिळून जत्रेच्या आत एक भिंत करून दावा. जमली तर तीनी भिंती कावीच्या. न्हाई जमली तर तिन्हीस टाइल्स. फोंडूच्या बापाची बी त्यात आली." मेस्तांनी मान हलवली. मी टाळ्यांची वाट बघत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी मी आराखडा घेऊन गेलो. ग्राफ पेपरवर इटालियन लॉजिया, म्हणजे अकरा कमानींचा सज्जा, काटेकोर पर्स्पेक्टिव्हमध्ये. मी मेस्तांना समजावलं, "या सगळ्या रेषा इथे एका बिंदूला जाऊन नाहीशा होतात. व्हॅनिशिंग पॉइंट."

मेस्तांनी त्या बिंदूवर बोट ठेवलं. "इथं काय हाय?"

"काही नाही."

"मग एवढ्या रेषा कशापायी धाडायच्या तिकडं?"

मी वही उघडून बघितली. एकदा ते एका पायावर भार टाकून, कंबर कलती ठेवून उभे होते, तेव्हा मी आनंदाने ओरडलो, "मेस्त, असेच थांबा! हा शुद्ध कोन्त्रापोस्तो आहे!" ते म्हणाले, "गुडघा दुखालाय, मास्तर." पण थांबले बिचारे, माझं रेखाटन पुरं होईपर्यंत. त्यांच्याजवळ वही नव्हती. छत्रीची एक काडी होती, दगडावर घासून टोक काढलेली, आणि घरामागच्या खड्ड्यात शिंपल्यांचा चुना होता, गुळाच्या पाण्यात मुरत ठेवलेला. त्या चुन्याला ते दुधासारखे जपायचे. झाकण कुणी उघडं टाकलं तर घरातल्या माणसाशीसुद्धा दोन दिवस बोलायचे नाहीत. फोंडू मेस्ताचा चुना म्हटलं की जोयड्यापासून लोंढ्यापर्यंतचे गवंडी मान डोलवायचे.

जत्रा दहा दिवसांवर आली. माझं कार्टून तयार होतं. कार्टून म्हणजे हसायचं चित्र नव्हे, भिंतीएवढा कागदी आराखडा, वही बघा. खाकी कागद जोडून केलेलं ते भलंमोठं प्रकरण, आणि रेषांवर टाचणीने भोकं पाडलेली, म्हणजे कोळशाची पूड मारली की चित्र भिंतीवर उतरतं. ही भोकं आठवीच्या वर्गाने पाडली. पंधरा दिवस चित्रकलेच्या तासाला त्यांनी दुसरं काहीही केलं नाही. मेस्तांच्या नातवाचं अणशीला बारसं होतं. निघताना ते म्हणाले, "मी सोमवारी येतो. तवर भिंतीला हात लावू नका. सुम्नं बसा."

मी सुम्नं, म्हणजे गप्प, बसणारा माणूस असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मला वाटलं, मेस्त येतील आणि भिंत तयार बघून थक्क होतील. रविवारी सकाळी मी लोंढ्याहून चार गवंडी बोलावले, मेस्तांच्या खड्ड्यातला चुना काढला आणि अख्खी भिंत एका दमात पांढरी, मग तांबडी करून घेतली. काय दिसत होती म्हणून सांगू! कार्टून लावलं, पूड मारली, अकरा कमानी उमटल्या. बाह्या वर करून काडी चालवायला घेतली. पहिली कमान अर्धी झाली. सुंदर! दुसरीला रेघ जरा खरखरीत यायला लागली. बारा वाजले, ऊन तापलं, आणि तिसऱ्या कमानीत काडी नुसती वाजायला लागली. जोर लावला तर तांबड्या थराचे पोपडे उडायचे. मी पाणी मारलं. पाण्याने ओघळ आले. मी आणखी जोर लावला. तीन वाजेपर्यंत भिंत खरूज झाल्यासारखी दिसत होती, आणि मी कोपरापर्यंत तांबडा.

आता ऐका. वहीतला अठ्ठेचाळिसावा शब्द, ज्योर्नाता. अर्थ: भित्तिचित्र करताना एका दिवसात पुरं होईल एवढ्याच जागेवर ओला गिलावा करतात, तो तुकडा. सहामाही परीक्षेत मी हा प्रश्न दोन गुणांना घातला होता. एका मुलीने 'एका दिवसाचे काम' एवढंच लिहिलं म्हणून तिचा एक गुण कापलासुद्धा होता! आणि त्या रविवारी हा शब्द मला एकदाही आठवला नाही. आठवला तो संध्याकाळी, घरी हात धुताना.

सोमवारी सकाळी मेस्त अणशीच्या बसमधून उतरून तडक देवळात आले. मी दाराशी उभा होतो. ते भिंतीजवळ गेले, गाल लावला, डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ लागला.

"निजली," ते म्हणाले.

तेवढ्यात आप्पा आणि कमिटीची चारपाच माणसं आली. आप्पांनी भिंत बघितली, टाइल्सच्या पेट्यांकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय झालं?"

मी तोंड उघडलं. देवाशपथ सांगतो, उघडलं. माझ्या तोंडात त्या वेळी एकशे बारा इटालियन शब्द होते आणि 'मी' हा एक मराठी शब्द बाहेर येईना. मेस्त माझ्याकडे बघत होते. मग ते वळले आणि म्हणाले, "माझा चुना खराब निघाला, आप्पा. आठ दिस द्या. पुन्ना करतो."

ज्या माणसाची उभी हयात चुन्यावर गेली, तो चारचौघांत सांगतोय की माझा चुना खराब निघाला. आणि मी गप्प. मान खाली घालून पायातल्या चपला बघत होतो. लाज वाटली का? वाटली ना. पण चूक कबूल करायला लागते तेवढी नाही वाटली.

आठ दिवस मेस्तांनी काम केलं. खराब गिलावा फोडायला मी होतो, चुना कुटायला मी होतो. वाटलं होतं ते माझा आराखडा फेकून देतील. पण त्यांनी कमानी ठेवल्या. "कमानी चांगल्या हायत तुमच्या," म्हणाले, "पण त्यास्नी लांब कशाला पळवायचं? हितंच ऱ्हाऊ देत." म्हणून अकरा कमानी, सगळ्या सारख्या, सगळ्या अगदी समोर, दाराएवढ्या. रोज सकाळी एका कमानीपुरता गिलावा, आणि संध्याकाळपर्यंत तिच्यात मोर, नाहीतर माकड, नाहीतर पाण्याला निघालेली बाई. "जागी हाय तवर बोलून घ्यायचं तिच्याशी," ते म्हणायचे. "मग तिला निजू द्यायचं. उद्याचं उद्या." दोन दिवसांच्या मध्ये एक बारीक सांधा राहायचा. तो मिटवायला गेलो तर माझा हात धरायचे. "ऱ्हाऊ दे की. दीस संपला ते कळाय नको?"

आठ दिवसांत आठ कमानी झाल्या, तीन राहिल्या. जत्रेला लोकांनी भिंतीसमोर गर्दी केली, आणि आप्पांनी टाइल्सच्या पेट्यांवर चादर टाकली. "जेवढं झालंय तेवढं चांगलं हाय. बाकीचं दिवाळीनंतर बघू."

मेस्त दिवाळी बघणार नव्हते. पावसाळ्यात लेकीकडे अणशीला गेले आणि तिथेच तापाने गेले. झाड पडून रस्ता बंद, मी पोचलो दुसऱ्या दिवशी. लेकीने छत्रीची काडी माझ्या हातात ठेवली. "बाबा म्हणाला, मास्तरास्नी दे." मी तिथे लहान पोरासारखा रडलो. लोकांना वाटलं, मास्तरांचा फार जीव होता. जीव होताच, पण मला रडू आलं ते न बोललेल्या शब्दाचं.

दिवाळीनंतर सभा झाली. कमिटीचा नवा चिटणीस बाहेरगावी नोकरी करून नुकताच परतलेला. त्याने इतिवृत्ताची वही उघडून वाचलं: "मेस्तांचा चुना खराब निघाल्याने भिंत फसली." मग म्हणाला, "मेस्त तर आता नाहीत. खड्ड्यात उरलाय तो चुना असा. मग तिन्ही भिंतींना टाइल्सच लावलेल्या बऱ्या." दोघातिघांनी माना हलवल्या. पाच पायांचं हरीण मागच्या भिंतीवरून माझ्याकडे बघत होतं.

मी उठलो. या वेळी एकही इटालियन शब्द नव्हता. "चुना चांगला होता. मेस्त तेव्हा अणशीला होते. त्यांनी नको म्हणून सांगितलेलं असताना अख्खी भिंत मी एका दिवसात लिंपली. भिंत मी घालवली आणि नाव त्यांचं गेलं. ते वहीत खोडून माझं लिहा."

कुणी दचकलं नाही. आप्पांनी पानाला चुना लावला, पान तोंडात टाकलं.

"आमास्नी ठाऊक हाय, मास्तर," ते म्हणाले. "फोंडूला अणशीच्या बसमध्ये मीच बसवलं हुतं. आणि त्याचा चुना खराब व्हईल व्हय? तुमी तर चार दिस कोपरापतुर तांबडे हिंडालता."

माझा चेहरा काय झाला असेल देव जाणे. आठ महिने मी जे गुपित छातीशी धरून फिरत होतो, ते अख्ख्या गावाने माझ्या हातांवर वाचलेलं होतं. मी विचारलं, "मग कुणी बोललं का नाही?"

"फोंडूनं बोलू दिलं न्हाई. म्हणाला, मास्तरास्नी कुणी विचारू नका, आपणहून सांगतील." आप्पांनी पान दुसऱ्या गालात सरकवलं. "म्हणाला, मास्तर अजून जागे हायत."

मग आप्पांनीच चिटणिसाला सांगितलं, "ते वाक्य खोड. आणि त्या पेट्या हलीव तिथनं."

उरलेल्या तीन कमानी आता मी करतोय, त्यांच्याच खड्ड्यातल्या चुन्याने. शाळा सुटली की देवळात जातो, गाल लावतो, काडी घेतो. मुलं येऊन बघतात आणि सांधे मोजतात. त्या मुलीचा कापलेला गुण मी परत दिलाय. मेस्तांच्या कमानीत सांधा एकच, कडेचा. माझ्या पहिल्याच कमानीत आतापर्यंत तेवीस झालेत. मेस्तांचा दिवस दाराएवढा असायचा. माझा पाटाएवढा आहे.