तिसऱ्या नियमाचा भंग

श्रीवर्धनच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारी किशोरी मूळची पेणकडची. वडील मिठागरावर कामाला. घरातला कुठलाही वाद मोठ्या काकांच्या आवाजावर मिटायचा. अकरावीला तिच्या हातात तर्कशास्त्राचं पुस्तक आलं आणि तिला पहिल्यांदा कळलं, की कोण बोलतंय आणि किती जोरात बोलतंय याला काही किंमत नाही. शेवटचं वाक्य आधीच्या दोन वाक्यांतून निघतं की नाही, एवढंच बघायचं. घरी येऊन ती आईला म्हणाली, "आये, ह्यात काकांचं कायपन चालायचं न्हाय." आई मीठ लागलेले पाय धूत होती. "मंग शीक," म्हणाली.

ती शिकली, एम.ए. झाली. सुपारीच्या वाडीवाल्या विनेशशी लग्न होऊन श्रीवर्धनला आली आणि चोवीस वर्षं तिने हाच विषय शिकवला. मुलं तिला घाबरायची, पण तिच्या हाताखालून गेलेलं पोर युक्तिवाद बघताक्षणी तो वैध की अवैध हे सांगायचं, असं तिचं नाव होतं. मुलांची संख्या वाढली तेव्हा वर्गाच्या दोन तुकड्या झाल्या. "ब" तुकडीसाठी तासिकेवर माणूस हवा होता, तर तिनेच प्राचार्य दीपेश सरांना सांगितलं, "मासूमा सरखोतला घ्या. माझी विद्यार्थिनी आहे. तिच्यासारखं डोकं मी पाहिलं नाही."

हे सांगताना तिला खरोखर अभिमान वाटला होता.

पहिल्या दोन महिन्यांतच तो ओसरला. शेजारच्या वर्गातून हसणं ऐकू यायला लागलं. तर्कशास्त्राच्या तासाला हसणं! एकदा किशोरी खडू आणायच्या निमित्ताने त्या दाराशी रेंगाळली. मासूमा फळ्याला पाठ लावून उभी होती.

"सगळ्या नारळांना पाणी लागतं. बरोबर? ह्या झाडाला पाणी लागतं. म्हणजे हे झाड नारळ?"

"व्हय!" मागून कोणीतरी ओरडलं.

"न्हाय ओ मॅडम, पोफळ पण असंल!" दुसरा म्हणाला, आणि अख्खा वर्ग त्या पहिल्यावर तुटून पडला.

तीच चूक समजावायला किशोरीला दोन तास लागायचे. दोन्ही वाक्यांत सामाईक असलेल्या पदाला मध्यपद म्हणायचं. निदान एका वाक्यात तरी ते पद त्यात मोडणाऱ्या सगळ्यांबद्दल वापरलेलं असलं पाहिजे. नाही तर बाकीची दोन पदं एकमेकांना जोडलीच जात नाहीत. आणि ह्या पोरीने ते एका झाडात उरकलं होतं. किशोरी खडू न घेताच परत फिरली.

मग तिला सगळंच दिसायला लागलं. ईदच्या दुसऱ्या दिवशी मासूमाच्या टेबलावर आलेले डबे, हिंदू पोरांनीसुद्धा शिरखुर्मा मागून खाल्लेला. मधल्या सुट्टीत तिच्याभोवतीचा घोळका. "अ" तुकडीतल्या तीन मुलींनी तुकडी बदलून मागितली, त्या दिवशी किशोरी घरी जेवलीच नाही. विनेशने विचारलं, "तुला झालंय तरी काय?" ती म्हणाली, "पित्त." मासूमा मात्र स्टाफरूममध्ये ती आली की अजूनही उठून उभी राहायची, आणि किशोरीला त्याचाही राग यायचा.

डिसेंबरच्या सराव परीक्षेचा पेपर मासूमाने काढला, आणि "ब" तुकडीच्या उत्तरपत्रिका तपासायला किशोरीकडे आल्या. चौथ्या प्रश्नात एक अवैध युक्तिवाद ओळखून कारण द्यायचं होतं. एका मुलीने लिहिलं होतं, "तिसऱ्या नियमाचा भंग." पुस्तकात तो नियम दुसरा होता. पुढच्या पेपरात तेच. नऊ पेपरांत तीच ओळ, तोच चुकलेला आकडा. किशोरीच्या हातातलं लाल पेन थांबलं. प्रश्न आधीच फोडला होता तर! मनात जे उसळलं, तो आनंद होता, हे तिला तेव्हाही कळलं.

तिने सांगितल्यावर दीपेश सर म्हणाले, "लेखी द्या, मॅडम."

ती स्टाफरूममध्ये लिहायला बसली. सवयीप्रमाणे मुद्द्यांना आकडे घातले. एक, ज्यांना प्रश्न आधी कळतो त्या सगळ्या वर्गांची उत्तरं सारखी येतात. दोन, ह्या वर्गाची उत्तरं सारखी आली. म्हणून ह्या वर्गाला प्रश्न आधी कळला होता.

ती वाचत राहिली. सगळ्या नारळांना पाणी लागतं. उत्तरं सारखी येण्याची दुसरी कितीतरी कारणं असू शकतात. कुठल्याही पोराच्या वहीत हे दिसतं तर तिने त्यावर फुली मारली असती. दीपेश सर रसायनशास्त्राचे. त्यांना हे दिसणार नव्हतं. किशोरीने आकडे काढून टाकले, सलग परिच्छेद केला, खाली सही केली आणि कागद देऊन आली.

दुसऱ्या दिवसापासून मासूमाच्या तासिका चौकशीपुरत्या थांबल्या. तक्रार कोणाची, ते तिला सांगितलं नाही. दोन्ही तुकड्या एकत्र किशोरीपुढे बसल्या. वर्ग तुडुंब भरला होता आणि कोणी हसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने "ब" तुकडीतल्या काशिफाला उभं केलं.

"तिसरा नियम कुठून आणलास गं? पुस्तकात दुसरा आहे."

काशिफाने दप्तरातून झेरॉक्सची पानं काढली. "ह्याच्यातून, मॅडम. आम्ही काही जणांनी पाठ केलंय."

किशोरीने पानं हातात घेतली. अक्षर तिचंच होतं. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी, जुन्या पुस्तकावरून तिने मुलांसाठी काढलेल्या नोट्स. त्या पुस्तकात नियमांचा क्रम वेगळा होता.

"मासूमा मॅडमनी दिल्या," काशिफा सांगत होती. "म्हणाल्या, नियमांचे आकडे पुस्तकातले लिहा, पण समजून घ्यायचं तर हेच वाचा. माझ्या बाईंच्या ह्या नोट्सइतकं सरळ कोणी लिहिलेलं नाही."

किशोरीने कसाबसा तास संपवला. तशीच ती दीपेश सरांकडे गेली आणि कोऱ्या कागदावर लिहून दिलं: माझा निष्कर्ष माझ्या विधानांतून निघत नव्हता. तक्रार मागे घेते. सर म्हणाले, "झालं ते झालं. तिला कशाला सांगायचं? तिला नाव ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," किशोरी म्हणाली.

मासूमाच्या घरी ती चालतच गेली. मासूमाने ओसरीवर खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं उभ्यानेच ऐकलं.

"मॅडम," ती म्हणाली, "मीही आकडे दुरुस्त करून द्यायला हवे होते. पण तक्रारीतली चूक तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली होती. लिहितानाच दिसली होती."

"मग?"

"मुलं तुझ्याकडे जात होती," किशोरी म्हणाली. याहून सरळ उत्तर तिच्यापाशी नव्हतं.

मासूमा आत जाऊन चहा घेऊन आली. दोघींनी तो प्यायला. सोमवारी मासूमा वर्गावर हजर झाली. मात्र त्यानंतर किशोरी स्टाफरूममध्ये आली की ती बसूनच "नमस्ते, मॅडम" म्हणू लागली.

जूनमध्ये मासूमाला तळा गावच्या कॉलेजात कायमची जागा मिळाली. शिफारसपत्र किशोरीने लिहिलं. मासूमाने ते मागितलं नव्हतं, पण नाकारलंही नाही. हल्ली तळ्याहून कोणी आलं की किशोरी तिच्या वर्गाची चौकशी करते. मुलांना बसायला जागा पुरत नाही असं ऐकलं की आत अजूनही टोचतं. ते टोचणं तिने विनेशला एकदा सांगून टाकलं आहे. आता ती पित्ताचं नाव घेत नाही. सांगणाऱ्याला ती पुढचं विचारते, यंदा किती पोरं बसली, आणि कुठला धडा चाललाय.