गुडघ्याखालची उशी

आमच्या सोनगीरला आजाऱ्याला भेटायला येणारा रिकाम्या हाताने येतो, पण आजाऱ्याच्या अंगाखाली उशी सारल्याशिवाय जात नाही.

धुळ्याहून आईचा गुडघा बदलून आणला, तेव्हा फिजिओथेरपीवाल्या मुलीने टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायला सांगितली. गुडघा गादीकडे दाबायचा, पाचपर्यंत मोजायचं, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग फडक्यात गुंडाळलेला बर्फ. "गुडघ्याखाली उशी ठेवू नका. बरं वाटतं, पण पाय वाकडाच राहतो."

आईने एकच विचारलं, "उन्हाळ्यात बिबडे घालायला गच्चीवर जाता येईल का?" ज्वारीचे ते पापड वाळायला गच्चीच लागते, आणि वर जायला अकरा पायऱ्या आहेत.

"पाय सरळ झाला तर."

एवढ्या सोप्या उपायावर कोण विश्वास ठेवणार? आईचे चुलतभाऊ नाना दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. जन्म तारांत गेल्यामुळे माणसाच्या शिराही आपल्याच खात्यात येतात, असं त्यांना वाटतं. आल्या आल्या ते कडाडले, "अक्का, पाय असा अधांतरी का ठेवेल शे? उशी लाव!"

"नाना, त्या मुलीने नको सांगितलंय," मी म्हणालो.

"कालनी पोर ती! तिले काय समजस?"

उशी लागली. चहा झाला. मग कुणी तेल आणलं, कुणी थरथरणारं यंत्र. उशी मात्र प्रत्येकाने नीट केली. वडीलधाऱ्यांनी लावलेली उशी त्यांच्यादेखत काढणं बरं दिसत नाही, आणि ते गेल्यावर मी विसरत होतो. या मूर्खपणाला आमच्याकडे रीत म्हणतात.

तिसऱ्या आठवड्यात ती मुलगी आली. तिने आईच्या गुडघ्याखाली हात घातला, तो मनगटापर्यंत आरपार गेला. "उशी?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेलची गुंडाळी शोधायला उठलो.

दुसऱ्या दिवशी नाना आले, उशी उचलली. आई दात आवळून गुडघा दाबत होती, तीनवर होती. पाच झाल्यावर म्हणाली, "नाना, ती उशी तुमना डोकाखाल ल्या. मना पाय सरळ व्हऊ द्या."

नाना आठवडाभर फिरकले नाहीत. व्यायाम बिनबोभाट झाले.

चैत्रात आई कठडा धरून चढली. चांगला पाय आधी, मग दुखरा. अकरावी पायरी चढून तिथेच बसली आणि बिबड्यांसाठी शिजवलेल्या पिठाचा घाटा मागितला. नाना आधीच वर होते, वाटीभर घाटा खात शेजारणीला सांगत होते, "पहिल्याच दिवशी मी उशी लायी व्हती ना, म्हणून."